काच दाबून पाहताना

बुरुलकान आली तेव्हा सप्टेंबर सरत होता,
काराकोलच्या दवाखान्यात हीटर अजून लागले नव्हते.
दाढ दुखत असावी तशी
डाव्या गालावर रुमाल धरून बसली.
नऊ वर्षं, म्हणाली.
आधी मसुरीच्या दाण्याएवढं होतं.
दुखत नाही, खाजत नाही,
नुसतं चरत जातं.
मेंढपाळाची बायको. शब्द तिचाच.

पिशवीतून तिने नऊ वर्षं काढून टेबलावर मांडली:
पिळून चपट्या झालेल्या मलमाच्या ट्यूबा,
अस्वलाची चरबी, मौलवीने फुंकर घातलेलं मीठ,
बिश्केकची एक चिठ्ठी: एक्झिमा.
दुसऱ्या चिठ्ठीवर नुसतं प्रश्नचिन्ह.
सगळ्यात तेवढंच प्रामाणिक.

मी काचपट्टी घेतली, गालावर टेकवली,
दाबली.
लाली ओसरली, रक्त बाजूला सरकलं
आणि खालचं वर दिसू लागलं:
तांबूस-पिवळे ठिपके, ओले, आतून उजेड असल्यासारखे.
पुस्तकं याला सफरचंदाची जेली म्हणतात.
मी तिच्या हातात आरसा दिला.
ती बराच वेळ बघत राहिली.
"जेली कसली," म्हणाली,
"हा मुरंबा आहे, हिवाळी सफरचंदांचा.
जरा जास्तच शिजलाय."

मग सुई, मग चार मिलिमीटरची गोल सुरी, एक टाका.
मायक्रोस्कोपवर वाकलेली रिस्कुल म्हणाली,
गाठी आहेत, राक्षसी पेशी आहेत,
केंद्रकं घोड्याच्या नालासारखी कडेने मांडलेली.
जंतू?
जंतू नाही.
पुन्हा रंगवलं. नाही.
बाटलीत पेरून ठेवलं, आठ आठवडे वाट पाहिली,
काही उगवलं नाही.
मनगटाच्या वर टोचलेलं मात्र
तिसऱ्या दिवशी एकवीस मिलिमीटर टरारून आलं.

"म्हणजे नक्की ना?" मुलाने विचारलं.
मी म्हटलं, डोंगरावर धूर दिसतोय.
त्याने खिडकीबाहेर पाहिलं.
डोंगरावर फक्त बर्फ होतं.

चार औषधं दोन महिने, त्यातली दोन पुढे चार महिने.
रोज, वजनाप्रमाणे, गावातल्या नर्ससमोर गिळायची.
लघवी केशरी होईल, घाबरू नका.
घाम, अश्रू, तेही.
"अश्रू केशरी?
बरं झालं. आता नवऱ्याला दिसतील तरी."

सून आयझिरेकने तिची वाटी वेगळी ठेवली होती.
मी फोन करून सांगितलं, हा गालातला क्षय आहे,
छाती स्वच्छ आहे, खोकला नाही,
वाटीतून काही जात नाही.
पलीकडे शांतता.
पुढच्या खेपेला बुरुलकान वाटीबद्दल काही बोलली नाही,
मीही विचारलं नाही.

रात्री मी यादी करायचे:
हे नसेल तर बुरशी, नसेल तर सारकॉइड,
नसेल तर ज्याचं नाव मला येत नाही ते.
सहाव्या आठवड्यात काच दाबली,
ठिपके मोजले, सात कमी.
त्या दिवशी मी दुपारी जेवले.

मार्चमध्ये गाल सपाट झाला.
दाबलं की पांढरा, सोडलं की गुलाबी.
पण कानाची पाळी गेली ती गेलीच,
ओठाचा कोपरा व्रणाने वर ओढलेला,
कायम काहीतरी आठवल्यासारखा.
झिजलेलं भरून येत नाही,
हे मी पहिल्या दिवशी सांगायला विसरले.
विसरले नव्हते.

शेवटच्या गोळीनंतर ती काही न बोलता उठली,
ट्रेमधली काचपट्टी उचलली,
"आता तुमचा गाल," म्हणाली.
काच गार होती. अंगठा खरबरीत,
लोकरीचा वास.
"काय दिसतंय?"
तिने डोळे बारीक केले.
"झोप झालेली नाही."